करवलीचे ड्रेस: लग्न झालं, आता त्यांचं काय करायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे, शेवटी धागाच काढते. सहा वर्षांत पाच लग्नांत मी करवली म्हणजे ब्राइड्समेड होते आणि पाचही वेळा सगळ्यांनी एकसारखे ड्रेस घ्यायचे असं ठरलेलं होतं, त्यामुळे आता कपाटात पाच लांबलचक ड्रेस ओळीने लटकतायत. एक जांभळट शिफॉनचा, एक गडद हिरवा सॅटिनचा, एक फिक्का गुलाबी नेटचा भरपूर घेर असलेला, एक सिक्विनवाला आणि एक साधा राखाडी, जो खरं तर मला आवडतो पण मागे चेन लागता लागत नाही. प्रत्येक ड्रेस फार तर दहा तास अंगावर होता, त्यानंतर एकदाही बाहेर निघाला नाही.

आता लहान घरात जातेय, कपाट निम्मं होणार आहे. नुसतं जागेचंच असतं तर एका दुपारी निकाल लावला असता, पण हात धजत नाही. प्रत्येक ड्रेस कोणाच्या ना कोणाच्या लग्नाचा आहे, देऊन टाकला तर तिला वाईट वाटेल असं वाटत राहतं. हिरवा ज्या मैत्रिणीच्या लग्नातला आहे तिच्याशी तर गेली तीन वर्षं बोलणंच नाही (भांडण नाही, नुसतं तुटत गेलं), तरी सगळ्यात जास्त हात अडतो तो त्याच ड्रेसपाशी.

तुम्ही काय केलंत तुमच्या ड्रेसांचं? विकले, दिले, कापले? जे केलं ते जमलं की फसलं तेही सांगा.

हिशोबी

विकायचे असतील तर आधी एक सांगते, जितका उशीर तितकं गिऱ्हाईक कमी. रंगांची लाट एकदोन वर्षांत ओसरते आणि मग तोच ड्रेस जुना दिसायला लागतो. मी दोन विकले, एक लग्नानंतर महिन्याभरात गेला आणि दुसरा चार वर्षं ठेवून मग टाकला त्याला आठ महिने कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. आतलं लेबल बघा, त्यावर कंपनीचा स्टाईल नंबर आणि शेडचं नाव असतं, ते जाहिरातीच्या पहिल्या ओळीतच लिहा. कारण नुसता सुंदर ड्रेस शोधणारी बाई हजार ठिकाणी शोधू शकते, पण जिच्या लग्नात सहावी करवली ऐनवेळी वाढलीये आणि कंपनीने ती शेडच बंद केलीये, ती बिचारी नेमका तोच नंबर टाकून रात्ररात्र शोधत असते. माझा पहिला ड्रेस असाच गेला, घेणारीने मापसुद्धा नीट विचारलं नाही, म्हणाली रंग तोच आहे ना, बाकी मी बसवून घेते.

मापं सेंटिमीटरमध्ये द्या, छाती, कंबर, आणि खांद्यापासून खालपर्यंतची उंची. साईजच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवू नये, दर कंपनीचा वेगळा असतो, शिवाय आपण आल्टर केलेला असतो ते वेगळंच. फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी काढा. डाग असेल तर त्याचा जवळून फोटो आधीच टाका, नंतरची वादावादी वाचते.

मोगरी

हिशोबीला अनुमोदन, फक्त एक भर. लग्नातले फोटो जाहिरातीला वापरू नका! माझ्या मावसबहिणीच्या लग्नातला ड्रेस एका मैत्रिणीने विकायला काढला आणि फोटो टाकला तो थेट लग्नातला, बाकीच्यांचे चेहरे न झाकता, बाजूला नवरी हसतेय आणि खाली किंमत. माझ्या बहिणीला ड्रेस विकल्याचं अजिबात वाईट वाटलं नव्हतं, पण तो फोटो बघून ती रडली. हँगरवर लटकवून काढा नाहीतर स्वतःचा गळ्याखालचा फोटो काढा.

उसवण

मी शिवणकाम करते, आल्टरेशन हेच माझं मुख्य काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते, वाचायला वेळ काढा.

निळीशाई, आधी पाचही ड्रेस उलटे करून बघ. म्हणजे अक्षरशः आतली बाजू बाहेर. कापड कशाचं आहे आणि शिवणीत माया (टिपेच्या आत सोडलेलं जादा कापड) किती सोडलीये या दोन गोष्टींवर पुढचं सगळं ठरतं. सॅटिन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं नाव आहे, त्यामुळे सॅटिन रेशमाचं असू शकतं, पॉलिएस्टरचं असू शकतं, ॲसिटेटचंही असू शकतं. लेबल नसेल तर आतल्या मायेतून नखाएवढा तुकडा काढ, चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघ. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागद जळाल्याचा वास आणि मऊ राख असेल तर सुती किंवा रेयॉन. बहुतेक ब्राइड्समेड ड्रेस पॉलिएस्टरचेच निघतात.

आता सगळ्यांच्या मनात पहिलं येतं ते म्हणजे रंगवून घेऊ. थांबा. दुकानात मिळणारा साधा कपड्याचा रंग पॉलिएस्टरवर चढत नाही, नुसता मळकट पुटासारखा बसतो आणि दोन धुण्यांत जातो. पॉलिएस्टरला डिस्पर्स प्रकारचा रंग लागतो आणि पाणी जवळजवळ उकळतं ठेवावं लागतं. घेरदार ड्रेस त्या पाण्यात मोकळा हलवायला केवढं भांडं लागेल विचार करा, आणि ते भांडं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. गरम पाण्यात पडलेल्या सुरकुत्या पॉलिएस्टरमध्ये कायमच्या बसतात हे वेगळंच. रेशीम रंगवायला सोपं, पण तिथे शिवणीचा धागा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, म्हणजे ड्रेस निळा झाला तरी सगळ्या टिपा जुन्या गुलाबी रंगात उठून दिसतात. आणि रंग नेहमी गडदाकडेच नेता येतो, हिरव्याचा गुलाबी होणार नाही.

उंची कमी करणं हा मात्र हमखास चालणारा उपाय. जमिनीपर्यंतचा ड्रेस गुडघ्याच्या जरा खाली आणला की तो लग्नाचा वाटतच नाही. शिफॉन सोपं नाही, खाली बारीक गुंडाळी येते ती हाताने किंवा मशिनला खास फूट (सुईखालचा दाबपाय) लावून करावी लागते, अस्तर वेगळं कापायचं आणि वरच्या कापडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड ठेवायचं. सॅटिनला उसवलेल्या टीपेची भोकं राहतात, म्हणून सॅटिन आत घेता येतं पण सैल करायला गेलात तर जुनी टीप रेघेसारखी दिसते. राखाडी ड्रेसची चेन लागत नाही म्हणतेस ना, तो सॅटिन नसेल आणि आत दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर माया असेल तर सोडवून मिळेल. माया नसेल तर चेन काढून मागे आयलेटची (कडी बसवलेल्या भोकांची) पट्टी लावून दोरी ओवायची, चार-पाच सेंटिमीटर तरी आरामात मिळतात.

सिक्विनवाल्याला कात्री लावू नकोस. एका दोऱ्यात सगळे ओवलेले असतात, एक कापला की ओळच्या ओळ सुटते. तो आहे तसाच दे.

निळीशाई

उसवण, किती किती आभार. आत्ताच तिघांची आतली बाजू बघितली. राखाडीला एका बाजूला सव्वादोन सेंटिमीटर माया आहे!! मी चार वर्षं हा ड्रेस आपल्याला होत नाही म्हणून नुसता बघत होते.

हिरव्याचा तुकडा जाळला, कडक मणी. सॅटिन पण पॉलिएस्टरचं.

पाऊलवाट

दान करायचं असं कोणी लिहायच्या आधी मला लिहायचंय. मी कपडे गोळा करणाऱ्या एका ठिकाणी दोन वर्षं दर शनिवारी जायचे, आलेले कपडे वेगळे करायला. पिशवीतून असा ड्रेस निघाला की आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायचो, कारण तो ठेवायचा कुठे हेच कळायचं नाही. ज्यांना रोज घालायला कपडे हवेत त्यांना जमिनीवर लोळणारा सॅटिनचा ड्रेस काय कामाचा. पेटीत टाकला की आपल्याला हलकं वाटतं, पण तो पुढे कुठे जातो ते बघायला हवं. वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे देशोदेशी विकले जातात, घानात अक्रा शहरात कांतामांतो म्हणून अशा कपड्यांचा प्रचंड बाजार आहे, तिथे आलेल्यातलं जे विकलं जात नाही ते नाल्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावर पोचतं. चिलीत आताकामाच्या वाळवंटात तर टाकलेल्या कपड्यांचे ढीगच साठलेत. आणि रिसायकल होईल म्हणाल तर वस्तूंच्या पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात म्हटलंय की कपड्यांसाठी वापरलेल्या मालातला १ टक्क्याहूनही कमी माल परत नव्या कपड्यांत जातो. आपल्या या ड्रेसात वरचं कापड एक, अस्तर दुसरं, बोनिंग (ड्रेस ताठ राहायला आत घातलेल्या पट्ट्या) प्लॅस्टिकचं, चेन धातूची, ते सगळं वेगळं करत कोण बसणार.

म्हणून द्यायचा तर ज्याला नेमका तसाच ड्रेस हवाय त्याला द्या. शाळा-कॉलेजच्या समारंभासाठी मुलींना असे ड्रेस फुकट देणारे गट असतात, हौशी नाटकमंडळी असतात, गायनाचा ग्रुप असतो ज्यांना स्टेजवर सगळ्यांना लांब काहीतरी हवं असतं. आधी फोन करून विचारा हवाय का, कोणत्या साईजचा हवाय. धुऊन, हुक-चेन तपासून, मापाची चिठ्ठी पिन करून द्या.

घागर

पाऊलवाट, पटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे तोही लिहिते. मी माझे तीन ड्रेस अशाच एका नाटकाच्या ग्रुपला दिले, साधारण वर्षभराने त्यांचा प्रयोग बघायला गेले तर दुसऱ्या अंकात माझा मरून ड्रेस! बाह्या जोडलेल्या, कमरेला पट्टा, ज्या मुलीने घातला होता ती माझ्यापेक्षा हातभर उंच म्हणून खाली काळी झालर लावलेली. एवढा आनंद झाला की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना सांगितलं, तो ड्रेस माझा आहे.

पाऊलवाट

घागर, मी म्हणतेय ते हेच. तुम्ही विचारून दिलात.

अंगणवेल

देणार असाल किंवा ठेवणार असाल, आधी नीट स्वच्छ करा, यावर मला कळकळीने लिहायचंय कारण माझा ड्रेस यातच गेला. मोतिया रंगाचा सॅटिन होता. लग्नात कोणाच्या तरी हातून गोड सरबत उडालं, पुसलं, वाळल्यावर काहीच दिसेना म्हणून तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लटकवला. दोन वर्षांनी बहिणीला द्यायला काढला तर पुढच्या बाजूला मांडीपासून खालपर्यंत चहाच्या रंगाचे शिंतोडे. ड्रायक्लीनिंगवाल्यांनी सांगितलं, साखर वाळल्यावर दिसत नाही पण हळूहळू तपकिरी होत जाते, आणि नुसत्या ड्रायक्लीनिंगने जातेच असं नाही कारण साखर पाण्यात विरघळते, ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात नाही. कपडा देतानाच सांगायचं की इथे इथे गोड काहीतरी सांडलं होतं, म्हणजे ते तेवढ्या जागेवर वेगळं काम करतात. काखेतले पिवळे डागही तसेच, घाम आणि डिओडरंट दोन्ही मिळून होतात, जितके जुने तितके हट्टी.

आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका, सुती चादरीत किंवा उशीच्या अभ्र्यात ठेवा. सिक्विनचा जड ड्रेस लटकवू नका, खांदे ओघळतात, आडवा ठेवा. उरेब (तिरक्या कापलेल्या) कापडाचा असेल तर तोही आडवाच.

उसवण

अंगणवेल, अगदी. आणि सिक्विनचा ड्रेस ड्रायक्लीनिंगला देताना सिक्विन चिकटवलेले आहेत की शिवलेले ते दाखवून द्या, काही सिक्विनचा रंग किंवा गोंद त्या द्रावणात उतरतो. ॲसिटेटच्या सॅटिनवर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन चुकूनही लावू नका, डाग जाण्याऐवजी कापडच विरघळतं.

तिसरीघंटा

मी इथे दुसऱ्या बाजूने आहे, पुढच्या वर्षी माझं लग्न आहे आणि चार मैत्रिणी करवल्या आहेत. हा धागा वाचून झोप उडालीये. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून मी काय करू?

हिशोबी

फक्त रंग सांग आणि बाकी त्यांच्यावर सोड. एकाच रंगाच्या तीन-चार छटा चालतील असं म्हण, फोटोत छान दिसतं. ज्या ड्रेसमध्ये ती एरवीही जाईल तोच ती निवडेल.

मोगरी

किंवा टॉप आणि स्कर्ट वेगळे घ्या. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात असं केलं होतं, स्कर्ट मी अजून साध्या शर्टावर घालते, टॉप जीन्सवर.

जुनंपान

एकसारख्या करवल्या म्हटलं की मला राणी व्हिक्टोरियाचं लग्न आठवतं. १० फेब्रुवारी १८४० ला झालं, तिच्या मागे बारा मुली होत्या, सगळ्या पांढऱ्यात. पण सांगायचंय ते पुढचं. तिच्या ड्रेसला हाताने विणलेली, इंग्लंडमधल्या होनिटनची लेस होती आणि ती लेस तिने लग्नानंतर पेटीत बंद करून ठेवली नाही, नंतर कितीतरी वर्षं निरनिराळ्या ड्रेसांवर परत परत लावून वापरली. राणी असून. तिसरीघंटा, तुझ्या मैत्रिणींना सांग की माझ्या लग्नाचा म्हणून ड्रेस जपून ठेवायची गरज नाही, आणि हे लग्नाच्या आधीच, ड्रेस घेतानाच सांग. तुझ्या तोंडून एकदा ऐकलं की त्यांच्या मनावरचं ओझंच जाईल.

तिसरीघंटा

आजच ग्रुपवर लिहिलं: "रंग गडद निळा, बाकी तुमची मर्जी, आणि लग्नानंतर विका, कापा, कोणाला द्या, मला काही वाटणार नाही." चौघींचं लगेच उत्तर आलं. एक म्हणाली तिच्याकडे आहेच असा, नवीन घेऊ का नको. मी म्हटलं नकोच घेऊस!

पोपटी

मी कापणाऱ्यांतली. अस्तराच्या कापडाच्या दोरीच्या पिशव्या केल्या, प्रवासात बूट ठेवायला. सॅटिनचे उशीचे अभ्रे आणि केसांचे रबरबँड, राहिलेल्या पट्ट्या भेटवस्तू बांधायला. शिफॉनचा घेर उभा कापला की लांब स्टोल निघतो. सॅटिन मशिनखाली सरकतं, खाली पातळ कागद धरून शिवायचं आणि नंतर फाडून काढायचा. सुई नवी आणि बारीक, टाचण्या फक्त मायेच्या आत टोचायच्या नाहीतर भोकं दिसतात. कापायच्या आधी ड्रेसचा एक पूर्ण फोटो काढून ठेवा.

निळीशाई

तीन आठवड्यांनी येतेय, घर बदललं, आता सांगते काय काय झालं.

चौघींना फोन केला, मेसेज नाही, फोनच. जांभळट शिफॉनवाली म्हणाली, अगं तुझ्याकडे आहे अजून? मी माझ्या स्वतःच्या लग्नाचा केव्हाच विकला. तर तो विकायला टाकला, लेबलवरचा नंबर आणि शेडचं नाव घालून, खिडकीपाशी फोटो काढून. अजून गेला नाही पण दोघींनी मापं विचारलीत. सिक्विनचा एका गायनाच्या ग्रुपला दिला, आधी विचारून, मापाची चिठ्ठी लावून. राखाडीची माया सोडवून घेतली, गुडघ्याखाली आणला, गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कार्यक्रमाला घालून गेले आणि कोणालाही कळलं नाही की तो कधी करवलीचा होता.

हिरव्यावालीला फोन नाही केला. नंबर काढून दोनदा ठेवून दिला. तिला विचारायचंच नाही असं ठरवून ड्रेस कापायला घेतला, उशीचे अभ्रे करायचे म्हणून. उसवण म्हणाली होती तसं आधी उलटा केला, खालची दुमड उसवायला लागले, तर डाव्या बाजूला आत सात टाके पांढऱ्या धाग्याचे, वेडेवाकडे, एकावर एक. बघताक्षणी आठवलं. लग्नाच्या सकाळी माझी टाच दुमडीत अडकून ती सुटली होती, आणि नवरीने, केस अर्धे बांधलेले असताना, जमिनीवर बसून ती शिवली होती. हिरवा धागा नव्हता, तिच्या ड्रेससाठी आणलेला पांढराच होता. मी म्हणत होते अगं राहू दे, आणि ती म्हणत होती हलू नकोस.

त्या सात टाक्यांभोवतीचा वीतभर तुकडा सोडून बाकीचे दोन अभ्रे झाले. तुकडा शिवणाच्या डब्यात आहे. त्याचा फोटो काढलाय, पाठवलेला नाही अजून.

राहिला गुलाबी नेटवाला. त्याची नवरी म्हणतेय तिच्या सात वर्षांच्या मुलीला नाचाच्या कार्यक्रमाला त्याचा फ्रॉक करून हवाय, रविवारी न्यायला येणार आहेत. उसवण, नेटचा घेर वरून कापू की खालून? खालची कड छान आहे, ती घालवायची नाहीये.

उसवण

वरून काप गं, कमरेकडून. खालची कड तशीच राहू दे. नेट उसवत नाही त्यामुळे वरचं टोक कापलेलंच राहिलं तरी चालतं, चुण्या घालून सरळ पट्ट्यात बसव. पण मुलीला आत अस्तर नक्की दे, नेट पायांना टोचतं. आणि तिची कंबर ते गुडघा माप आधी मागवून घे, अंदाजाने कापू नकोस.

निळीशाई

मागवलं. ४१ सेंटिमीटर.

उसवण

मग ४३ वर काप, दोन सेंटिमीटर माया.